माधुर्याचा अपराध कोणता?

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. जर्मनींतील गोड पांढरी वाइन आणि नाताळच्या सुट्टींतील तिचें स्थान, हा कांहीं मराठी मासिकाचा विषय आहे काय, असें ते विचारतील. त्यांना आमचें आरंभींच सांगणें आहे कीं, मद्यपानाचा पुरस्कार करण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं. ज्यांच्या घरीं मद्य वर्ज्य आहे त्यांनीं तें वर्ज्यच ठेवावें. परंतु रुचीच्या क्षेत्रांत चाललेला एक अन्याय आम्हांस येथें मांडावयाचा आहे, आणि अन्यायाची हकीकत ऐकण्यास पेला हातांत असावा लागत नाहीं. शिवाय आज आपल्या मध्यमवर्गांतील कितीतरी कुटुंबांचीं मुलें शिक्षणासाठीं श्टुटगार्टला, आखेनला, म्युनिकला राहत आहेत. नाताळांत तेथील एखाद्या घरच्या पंगतीचें त्यांना आमंत्रण येतें, आणि ‘सुशिक्षित मनुष्य गोड वाइन पीत नाहीं’ हें सूत्र तीं तेथून शिकून येतात. हें सूत्र चुकीचें आहे. तें कां चुकीचें आहे, इतकेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

पूर्वपक्ष थोडक्यांत असा: वाइन जितकी कोरडी तितका पिणारा संस्कारी, गोडी ही पोरांसाठीं, अजाणांसाठीं आणि ज्यांना वाइन कळत नाहीं अशांसाठीं. कोरड्या वाइनला जर्मन भाषेंत ‘ट्रॉकन’ म्हणतात. बाटलीवरील कागदावर हा शब्द मूळचा केवळ माहितीसाठीं. परंतु आज तो प्रतिष्ठेचा दाखला होऊन बसला आहे. जर्मनींतील नामांकित बागाइतदारांच्या संघानें आपल्या सर्वश्रेष्ठ मळ्यांतील वाइनसाठीं ‘ग्रोसेस गेवेक्स’ म्हणजे ‘थोर पीक’ अशी एक पदवी योजिली आहे, आणि ती पदवी फक्त कोरड्या वाइनलाच मिळूं शकते. त्याच मळ्यांत, त्याच हातांनीं वेचलेल्या द्राक्षांची वाइन गोड राहिली कीं तिला ही पदवी नाहीं. आमच्या गोष्टींतील कोल्ह्याला द्राक्षें आंबट होतीं म्हणून नको होतीं. या नव्या रसिकांना तीं गोड आहेत म्हणून नकोत.

ज्या वाइनचा आम्ही कैवार घेत आहों ती ‘रीसलिंग’ जातीच्या द्राक्षांची. या जातीचा उल्लेख 1435 पासून सांपडतो. माइन नदीकांठच्या रुसेल्सहाइम येथील एका सरदाराच्या हिशेबांत तिच्या वेलांच्या खरेदीची नोंद आहे. परंतु गोड रीसलिंगचें खरें माहेर म्हणजे मोझेल नदीचें खोरें. 50 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, जेथें द्राक्ष पिकणें हेंच एक साहस, तेथें ही नदी नागमोडी वळणें घेत जाते आणि तिच्या कांठच्या दक्षिणाभिमुख कड्यांवर, पाटीच्या दगडाच्या ढिगांत, हे वेल उभे असतात. दिवसा तापलेला दगड रात्रीं त्यांना ऊब देतो. ब्रेम गांवच्या काल्मोंट टेकडीचा उतार कांहीं ठिकाणीं 60 अंशांहून अधिक आहे; अशा जागीं साधा ट्रॅक्टर चालत नाहीं, बहुतेक काम माणसाच्या हातांनीं व पाठीनेंच होतें. रीसलिंग उशिरां पिकते. तिची तोडणी होईतों ऑक्टोबर, कधीं नोव्हेंबरहि उजाडतो. मग रस तळघरांत जातो आणि किण्व त्यांतील साखर खाऊन तिचा मद्यार्क करूं लागतें. परंतु तोंवर बाहेर हिंवाळा आलेला असतो. तळघर गार पडतें, किण्व मंदावतें, आणि सारी साखर संपण्यापूर्वींच त्याचें काम थांबतें. पूर्वीं जें थंडी करीत असे तें आज वाइन मुद्दाम गार करून व गाळून केलें जातें. उत्तम बागाइतदाराच्या बाटलींत उरते ती त्या द्राक्षाची स्वतःची साखर.

आतां आंकडे पाहूं. मोझेलच्या साध्या गोड ‘काबिनेट’ वाइनमध्यें दर लिटरला सुमारें 40 ते 50 ग्रॅम साखर, शेंकडा 8 च्या आसपास मद्यार्क आणि दर लिटरला 8 ते 9 ग्रॅम आम्ल असतें. यांतील शेवटचा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. सारें रहस्य त्यांत आहे. आपण लिंबाचें सरबत पितों. त्यांतील साखर नुसत्या पाण्यांत घालून दिली तर दुसरा घोट घेववणार नाहीं. लिंबू एकटें दिलें तर पहिलाहि घेववणार नाहीं. दोन्ही एकत्र आलीं कीं त्या सरबताला कोणी गोड म्हणून हिणवीत नाहीं, कीं आंबट म्हणून टाळीत नाहीं. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला हें समजावून सांगण्याची गरज नसावी. गोडी हा रीसलिंगचा अर्धाच भाग आहे; उरलेला अर्धा भाग तिची धार. टीकाकार अर्ध्याचें नांव घेऊन संपूर्णाला शिक्षा देतात.

ही शिक्षा नवी आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. ऱ्हाइनकांठचें योहानिसबर्ग अठराव्या शतकांत फुल्डा येथील मठाधिपतीच्या मालकीचें होतें, आणि त्याची आज्ञा आल्यावांचून द्राक्षें तोडण्यास मनाई होती. 1775 सालीं आज्ञा घेऊन येणारा जासूद फार उशिरां पोहोंचला. तोंवर द्राक्षें वेलावरच सुरकुतून बुरसटलीं. तरीहि तीं पिळलीं, आणि जी वाइन झाली तिनें सर्वांना थक्क केलें, असें तेथें सांगतात. त्या जासुदाचा अश्वारूढ पुतळा आजहि तेथील अंगणांत उभा आहे, आणि ‘श्पेटलेजे’ म्हणजे उशिराची वेचणी, या प्रकाराची कीर्ति त्या गोष्टीशीं जोडली गेली आहे. एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या व्यापाऱ्यांच्या भावपत्रकांत ऱ्हाइनकांठच्या उत्तम वाइनचे भाव बोर्दोच्या अव्वल वाइनच्या बरोबरीनें आणि कधीं त्यांहूनहि चढे असत. होखहाइम गांवच्या नांवावरून इंग्रजींत ऱ्हाइनच्या वाइनला ‘हॉक’ हा शब्द रूढ झाला, आणि त्या गांवच्या एका मळ्याला व्हिक्टोरिया राणीचें नांव मिळालें. 1868 मध्यें प्रशियाच्या अमलाखालीं मोझेल व सार या नद्यांकांठच्या मळ्यांचा करआकारणीसाठीं नकाशा काढण्यांत आला. त्यांत वरच्या प्रतीचे म्हणून गडद रंगानें दाखविलेल्या कड्यांपैकीं बहुतेकांवर आजहि पहिल्या प्रतीची रीसलिंग पिकते. कडे तेच आणि वेलाची जातहि तीच. मग प्रतिष्ठा कोठें गेली?

ती व्यापाऱ्यांनीं विकून खाल्ली. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त गोड वाइनला परदेशांत मोठी गिऱ्हाइकी मिळाली. कड्यावरची रीसलिंग महाग आणि थोडी. म्हणून सपाट शेतांतून लवकर व उदंड पिकणाऱ्या जाती लावण्यांत आल्या. हेर्मान म्यूलर या शास्त्रज्ञानें 1882 मध्यें गाइझेनहाइम येथें तयार केलेली म्यूलर-थुरगाऊ ही त्यांतील मुख्य. हिची वाइन पातळ व कमी आंबट. ती पुरती आंबवावयाची, मग न आंबविलेला द्राक्षरस तींत ओतून गोड करावयाची आणि बाटलीवर भक्तिभावाचें चित्र लावावयाचें, असा हा उद्योग. ‘लीबफ्राउमिल्श’ हें नांव मूळचें वोर्म्स शहरांतील मेरीच्या देवळाभोंवतींच्या मळ्याचें. तें ऱ्हाइनच्या खोऱ्यांतील दूरदूरच्या शेतांतल्या वाइनला चिकटविण्यांत आलें.

1971 च्या जर्मन कायद्यानें या उद्योगाला राजमान्यता दिली. रसांत साखर किती, या एकाच मापावर दर्जा ठरूं लागला. वेल कड्यावर आहे कीं बटाट्याच्या शेजारीं, हें पाहण्याचें कारण उरलें नाहीं. पीसपोर्ट गांवच्या कड्यावर ‘गोल्डट्रॉप्फ्शन’ म्हणजे ‘सुवर्णबिंदु’ नांवाचा एक विख्यात मळा आहे. या कायद्यामुळें कित्येक मैल पसरलेल्या, बऱ्याचशा सपाट जमिनीच्या वाइनलाहि ‘पीसपोर्टर मिशेल्सबर्ग’ म्हणवून घेतां येऊं लागलें. गिऱ्हाइकानें पीसपोर्टचें नांव वाचून बाटली घ्यावी आणि आंत साखरपाणी निघावें! नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, याहून वेगळें तें काय? पुढें 1985 मध्यें ऑस्ट्रियांतील कांहीं उत्पादकांनीं वाइन गोड व दाट भासावी म्हणून तींत डायएथिलीन ग्लायकॉल हें विषारी द्रव्य मिसळल्याचें उघडकीस आलें. कांहीं जर्मन व्यापाऱ्यांनीं ती वाइन आपल्या मालांत मिसळली होती, त्यामुळें दोन्ही देशांचें नांव एकदमच बुडालें. भेसळ केली मूठभरांनीं, अविश्वास आला साऱ्या गोडीच्या वांट्याला. सुक्याबरोबर ओलेंहि जळतें, तें असें.

येथपर्यंतची हकीकत प्रतिपक्षहि नाकारणार नाहीं. आमचा त्याच्याशीं वाद आहे तो निष्कर्षाविषयीं. खोटें नाणें बाजारांत आलें म्हणजे खरें-खोटें पारखण्यास शिकावें, कीं नाण्यांचाच त्याग करावा? जर्मन वाइनच्या नव्या भक्तांनीं दुसरा मार्ग धरला आणि त्यालाच रसिकता असें नांव दिलें.

त्यांचा पहिला आक्षेप असा कीं, गोडी हा रुचीचा बाल्यावस्थेंतील प्रकार आहे. यावर आम्ही एकच विचारतों. हेच गृहस्थ बोर्दोजवळच्या सोतेर्नच्या वाइनपुढें, ‘शातो दिकेम’पुढें, नतमस्तक कां होतात? तींत तर दर लिटरला 100 ग्रॅमहून अधिक साखर असते! तेथें गोडी प्रौढ आणि मोझेलच्या कांठीं मात्र बालिश, हा न्याय कोणता? अर्थ उघड आहे: यांना गोडीचा तिटकारा नाहीं, गोडी स्वस्तांत मिळाल्याचा तिटकारा आहे. आमच्या साहित्यशास्त्रानें माधुर्याला दोष म्हटलेलें नाहीं. मम्मटानें जे तीन काव्यगुण मानले त्यांत माधुर्य आहे, आणि चित्त द्रवविणें हें त्याचें कार्य सांगितलें आहे. ओजाची जागा वेगळी, माधुर्याची वेगळी. ओजस्वी तेवढेंच काव्य असें म्हणणारा समीक्षक जसा एका कानानें बहिरा, तसा कोरडी तेवढीच वाइन म्हणणारा अर्ध्या जिभेनें मुका समजावा.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आहे. ते म्हणतात, एकोणिसाव्या शतकांत ज्या जर्मन वाइनची एवढी ख्याति होती ती वर्षानुवर्षें लांकडी पिंपांत राही आणि तींतील साखर बहुतेक आंबून जाई. आजची गोड काबिनेट ही विसाव्या शतकांतील बारीक गाळणयंत्राची कन्या आहे, परंपरेची नव्हे. यांत सत्याचा अंश आहे. बाड क्रॉयत्सनाख येथील झाइट्स कारखान्याचीं गाळणयंत्रें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत प्रचारांत आलीं, आणि किण्व गाळून काढून थोडी साखर राखणें तेव्हांपासून सोपें झालें. परंतु चांगल्या वर्षीं निवडक घोंसांपासून केलेल्या ‘आउस्लेजे’ वाइनमध्यें साखर इतकी असे कीं किण्वच थकून जाई. ती वाइन त्या काळींहि गोडच होती, आणि वरचा भाव अशाच दुर्मिळ वाइनला मिळे. शिवाय एखादी रीत नवी म्हणून खोटी ठरते काय? फ्रान्सची शँपेन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामान्यतः पाकासारखी गोड असे. कोरडी ‘ब्रूत’ शँपेन पॉमेरी या पेढीनें 1874 च्या पिकापासून इंग्रज गिऱ्हाइकासाठीं पुढें आणली. त्या कोरड्या शँपेनला कोणी परंपरेची वैरीण म्हणत नाहीं. नवेपणा कोरडेपणाला क्षम्य आणि गोडीला अक्षम्य, असा हा पंक्तिप्रपंच आहे.

तिसरा आक्षेप असा कीं, गोड वाइन जेवणाबरोबर चालत नाहीं. या आक्षेपाचा निकाल लावण्यास नाताळाइतका योग्य प्रसंग नाहीं, कारण जर्मन नाताळाचें पानच आंबटगोड असतें. 25 डिसेंबरच्या मुख्य जेवणांत पुष्कळ घरीं भाजलेला हंस असतो. त्याच्या पोटांत सफरचंदें, कधीं चेस्टनट भरलेले असतात. शेजारीं तांबडी कोबी: सफरचंद, व्हिनेगर, साखर आणि लवंग घालून मंद आंचेवर शिजविलेली. मांस स्निग्ध, भाजी आंबटगोड, फळ गोड. यावर कोरडी, तुरट तांबडी वाइन घ्या. साखरेच्या शेजारीं तिचा तुरटपणा कडू होतो. कोरडी पांढरी घ्या. ती नुसती आंबट लागते. याचें कारण सोपें आहे. श्रीखंडपुरीच्या जेवणावर चहा घेतला कीं त्यांत साखर घालण्यास विसरले कीं काय असें वाटतें. चहा तोच असतो, जीभ बदललेली असते. उलट श्पेटलेजे रीसलिंगची गोडी कोबीच्या गोडीला सांभाळून घेते आणि तिचें आम्ल हंसाची चरबी कापतें. संध्याकाळीं ड्रेस्डेनचा प्रसिद्ध ‘श्टोलन’ पुढें येतो: बेदाणे, बदाम व लोणी घातलेला, वर साखरेची पांढरी चादर ओढलेला पाव. एके काळीं नाताळपूर्वीच्या उपवासांत यांत लोणी घालण्यास बंदी होती. 1491 मध्यें पोप आठवा इनोसंट यानें पत्र पाठवून ती उठविली. ज्या पदार्थांतील लोण्यासाठीं सॅक्सनींतून रोमपर्यंत अर्ज गेले, त्याच्याबरोबर ‘ट्रॉकन’ ठेवणें हा त्या पदार्थाचा अपमान आहे.

आणखी एक गंमत पाहा. हेच कोरडेपणाचे भक्त डिसेंबरांत नाताळच्या बाजारांत उभे राहून ‘ग्ल्यूवाइन’ पितात. ही म्हणजे साखर, दालचिनी व लवंग घालून गरम केलेली वाइन. म्हणजे चौकांत वरून साखर घातलेली चालते, आणि घरीं टेबलावर द्राक्षानें स्वतः राखलेली साखर चालत नाहीं! शिवाय सणाचें जेवण लांबतें. पंगतीला आजीहि असते आणि नुकतीच वयांत आलेली नातहि. शेंकडा 13 मद्यार्काच्या वाइनपेक्षां 8 मद्यार्काची वाइन अशा घरीं अधिक शोभते, हें तर मद्याचा द्वेष करणारा वाचकहि मान्य करील.

हा वाद केवळ चवीपुरता असता तर आम्हीं इतकी पानें खर्ची घातलीं नसतीं. परंतु यांत हळूहळू एक वस्तु नष्ट होत आहे. 11 फेब्रुवारी 1830 रोजीं बिंगेनजवळच्या ड्रोमर्सहाइम येथें वेलावरच गोठलेलीं द्राक्षें तोडण्यांत आलीं, आणि ‘आइसवाइन’ची पहिली ज्ञात तोडणी म्हणून ती प्रसिद्ध आहे. उणे 7 अंश सेल्सिअस किंवा त्याहून खालीं थंडी उतरली कीं द्राक्षांतील पाणी गोठतें, आणि पिळतांना हातीं येतो तो केवळ मधासारखा रस. नाताळच्या दिवशीं तोडलेल्या द्राक्षांच्या वाइनला पूर्वीं ‘क्रिस्टवाइन’ म्हणत. 6 डिसेंबरच्या संत निकोलसाच्या नांवाचीहि वाइन असे. आज हवामान तापत चाललें आहे. 2019 च्या पिकाच्या हंगामांत जर्मनींतील तेराहि द्राक्षप्रदेशांत कोठेंच पुरेशी थंडी पडली नाहीं आणि त्या सालची आइसवाइन झालीच नाहीं. थंडी परत आणणें बागाइतदाराच्या हातीं नाहीं. परंतु कड्यावरचे मळे जगविणें गिऱ्हाइकाच्या हातीं आहे, आणि तेथेंच फॅशन घाव घालीत आहे. 1990 च्या सुमारास मोझेलच्या खोऱ्यांत 12,000 हेक्टरांच्या आसपास द्राक्षमळे होते. आज ते 9,000 हेक्टरांच्याहि खालीं आले आहेत. याचें एकमेव कारण गोडीचा तिरस्कार हेंच आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मजुरी महाग झाली, तरुण गांव सोडून गेले. परंतु ज्या कड्यावर एका बाटलीसाठीं सपाट शेताच्या कितीतरी पट श्रम पडतात, त्या कड्याच्या वैशिष्ट्यालाच लोक नाक मुरडूं लागले तर तेथें वेल बांधण्यास वर कोण चढेल? कोरडी रीसलिंग ऑस्ट्रियांत होते, आल्सासमध्यें होते, ऑस्ट्रेलियांतहि होते, आणि उत्तम होते. शेंकडा 8 मद्यार्कांत इतकी गोडी आणि इतकी धार एकत्र नांदविणारी वाइन मोझेलच्या तोडीची दुसरीकडे क्वचितच मिळते. कड्यावरचे बांध एकदां ढांसळले आणि जुन्या वेलांच्या जागीं झुडपें माजलीं, म्हणजे पुढें फॅशन फिरली तरी उपयोग नाहीं.

कोरड्या वाइनशीं आमचें वैर नाहीं. तिला तिचें पान लखलाभ असो. आमची तक्रार उसन्या रुचीशीं आहे. स्वतः चाखण्यापूर्वीं बाटलीवरील शब्द वाचून नाक मुरडणें ही रसिकता नव्हे, ती पाठांतराची परीक्षा आहे. आणि आम्ही शिक्षक असल्यामुळें पाठांतर लांबून ओळखतों. जर्मनींत राहणाऱ्या ज्या तरुणांना वाइन वर्ज्य नाहीं, त्यांना आमचें इतकेंच सांगणें आहे: येत्या नाताळांत कोणी यजमान संकोचानें, ‘ही थोडी गोड आहे बरें का’ असें म्हणत मोझेलची बाटली पुढें करील, तेव्हां त्याचा संकोच दूर करा. मळ्याचें नांव विचारा, मळा कड्यावर आहे कीं सपाटीवर हें विचारा, द्राक्ष कोणतें तें विचारा. उत्तरें समाधानकारक आलीं तर पेला पुढें करा, आणि निकाल आपल्या जिभेला देऊं द्या. ज्यांच्या घरीं पेला वर्ज्य आहे त्यांनींहि, पुढच्या वेळीं एखाद्या पुस्तकाला, गाण्याला किंवा माणसाला कोणी ‘गोड आहे’ एवढ्यावरून हिणवूं लागलें, तर हीच चौकशी करावी.